फ्रीझ म्हणजे काय? 'फ्रीझ' शब्दाचे मराठी आणि डच अर्थ, उदाहरणांसह

मागच्या द्राक्ष हंगामात तासगाव भागातल्या माझ्या एका मित्राने मला स्क्रीनशॉट पाठवला. तो एका पॅकहाऊसमध्ये काम करतो. नेदरलँड्समधल्या खरेदीदाराला त्याने मोबाइलवर मराठीत बोलून मेसेज केला होता, 'द्राक्षं फ्रीज करून कंटेनरमध्ये भरली.' ॲपने त्याचं डचमध्ये भाषांतर केलं आणि मेसेज गेला. दोन मिनिटांत समोरून उत्तर आलं, 'बव्रोरन?' आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं.

'बव्रोरन' म्हणजे गोठलेली, बर्फ झालेली. आपल्याकडे पॅकहाऊसमध्ये 'फ्रीज केली' म्हणजे प्रीकूलिंग करून थंड केली, हे सगळ्यांना कळतं. तिकडच्या माणसाला मात्र वाटलं की अख्खा कंटेनर माल गोठून खराब झाला. शेवटी फोन करून इंग्रजीत समजावलं तेव्हा दोन्हीकडचा जीव भांड्यात पडला.

एका शब्दाने एवढा घोळ होत असेल तर तो शब्द नीट समजून घ्यायलाच हवा. सांगलीच्या द्राक्षांचा युरोपशी रोजचा संबंध आहे. भारतातून निर्यात होणाऱ्या ताज्या द्राक्षांचा सर्वात मोठा ग्राहक नेदरलँड्सच आहे, आणि तो माल रॉटरडॅम बंदरात उतरतो. साताऱ्या-सांगलीची मुलं शिकायलाही तिकडे जातात. शेतीचं शिक्षण म्हटलं की वाखनिंगन विद्यापीठाचं नाव निघतंच. म्हणून या लेखात 'फ्रीझ' या इंग्रजी शब्दाचे सगळे महत्त्वाचे अर्थ, त्यांचे मराठी शब्द आणि डच शब्द एकत्र बघूया.

थोडक्यात उत्तर

फ्रीझ म्हणजे गोठणे किंवा गोठवणे. डचमध्ये त्याला मुख्य शब्द आहे 'बव्रीझन'. पण हे फक्त पहिलं उत्तर झालं. पाणी, मोबाइल, बँक खातं आणि घाबरलेला माणूस, या सगळ्यांसाठी इंग्रजीत एकच 'फ्रीझ' चालतो. मराठीत आणि डचमध्ये तसं चालत नाही. तिथे बऱ्याचदा वेगळा शब्द लागतो.

आधी 'फ्रीज' आणि 'फ्रीझ' मधला फरक

आपली निम्मी गडबड इथेच होते. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत.

फ्रिज: घरातलं कपाट, ज्यात दूध आणि भाजी राहते. हा 'रेफ्रिजरेटर'चा छोटा अवतार. आपण त्याला मराठीत 'फ्रीज' म्हणतो. यात वस्तू थंड राहते, गोठत नाही. डच शब्द: कूलकास्त, म्हणजे शब्दशः 'गार कपाट'.

फ्रीझ: गोठणे हे क्रियापद. शेवटी 'झ'. ज्या कप्प्यात किंवा पेटीत गोठतं तो फ्रीझर. डच शब्द: व्रीझर.

मराठीत आपण दोन्ही 'फ्रीज' असंच लिहितो आणि बोलतो. 'पाणी फ्रीज कर' या वाक्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळतो, कारण समोर बाटली दिसते. मोबाइलला बाटली दिसत नाही. त्यामुळे बोलून टाइप करताना 'फ्रीजमध्ये ठेव', 'थंड कर' किंवा 'गोठव' असं स्पष्ट म्हणा.

इंग्रजीतली रूपं लक्षात ठेवा: आज फ्रीझ, काल फ्रोझ, आणि झालेलं ते फ्रोझन. डचमध्येही असाच बदल होतो: बव्रीझन, बव्रोर, बव्रोरन. साम्य योगायोगाचं नाही. इंग्रजी आणि डच या एकाच घराण्यातल्या भाषा आहेत आणि फ्रीझ व व्रीझन हे सख्खे भाऊबंद आहेत. उच्चाराची एक टीप: डचमधला 'व' हा आपल्या 'व' आणि 'फ' यांच्या मधला ऐकू येतो, आणि शब्दातला 'ग' बहुतेकदा घशातून 'ख' सारखा येतो.

आता एकेक अर्थ बघूया.

१. पाणी गोठणे, हवामानातला अर्थ

मराठी: गोठणे, बर्फ होणे. डच: बव्रीझन. हवामानासाठी नुसतं व्रीझन.

शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठतं. आपल्या भागात याचं उदाहरण म्हणजे महाबळेश्वर. कडाक्याच्या थंडीत वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात 'दवबिंदू गोठले' अशी बातमी येते आणि गवतावरच्या पांढऱ्या थराचे फोटो फिरतात. पण त्याच दिवशी तापमान तीन-चार अंश दाखवलेलं असतं. मग पाणी गोठलं कसं? कारण तापमापक जमिनीपासून वर, पेटीत असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त गार होतं. हवा शून्याच्या वर असली तरी गवताचं पातं शून्याखाली जाऊ शकतं.

डच लोक बाहेर शून्याखाली गेलं की 'हेत व्रीस्त' म्हणतात. शून्याखालची थंडी म्हणजे 'व्होर्स्त'. गवतावरच्या त्या पांढऱ्या थराला 'रैप' म्हणतात. गंमत म्हणजे पिकलेल्या फळालाही डचमध्ये 'रैप'च म्हणतात. त्यामुळे महाबळेश्वरच्या शेतात एकाच सकाळी स्ट्रॉबेरी रैप असू शकते आणि तिच्यावर रैपही असू शकतं! दोन्हींचं स्पेलिंग सारखंच आहे, त्यामुळे अर्थ संदर्भावरूनच लावायचा.

तिकडे शिकायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक शब्द: 'ऐझल'. पाऊस पडताच रस्त्यावर गोठतो आणि काचेसारखा थर होतो, त्याला ऐझल म्हणतात. हवामानाच्या सूचनेत हा शब्द दिसला तर त्या दिवशी सायकल काढू नका.

२. अन्न गोठवणे

मराठी: गोठवणे. डच: इनव्रीझन (फ्रीझरमध्ये टाकणे). गोठवलेला माल: दीपव्रीस.

माझ्या मित्राचा घोळ इथलाच. थंड केलेला माल आणि गोठवलेला माल या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

थंड केलेला माल. इंग्रजीत चिल्ड, डचमध्ये 'खकूल्त'. निर्यातीची द्राक्षं या प्रकारात येतात. तोडणीनंतर प्रीकूलिंग करून मण्यातली उष्णता काढतात, पेटीत ग्रेपगार्डचा कागद घालतात आणि रीफर कंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपास ठेवून पाठवतात. समुद्रातून काही आठवड्यांचा प्रवास होतो. शून्याला पाणी गोठतं, मग द्राक्ष का गोठत नाही? कारण मण्यात नुसतं पाणी नसतं, साखर विरघळलेली असते. साखरेमुळे गोठणबिंदू खाली जातो. पिकलेलं द्राक्ष साधारण उणे दोन अंशांच्या खाली गेल्यावर गोठायला लागतं. म्हणजे सुरक्षित आणि खराब यांच्यात फक्त दोन-एक अंशांचं अंतर आहे.

गोठवलेला माल. इंग्रजीत फ्रोझन, डचमध्ये 'बव्रोरन' किंवा 'दीपव्रीस'. यासाठी युरोपात आणि आपल्याकडेही ठरलेलं तापमान आहे उणे १८ अंश. महाबळेश्वर, पाचगणी, वाई भागातली स्ट्रॉबेरी ताजी विकली जाते, तशीच गोठवूनही ठेवतात. गोठताना फळातल्या पाण्याचे बर्फाचे कण होतात आणि ते पेशी फोडतात. म्हणून गोठवलेली स्ट्रॉबेरी बाहेर काढली की मऊ पडते. जॅम, आइस्क्रीम, मिल्कशेकला ती चालते, पण ताजं फळ म्हणून तिची विक्री होत नाही. गोठवण्याचा वेग जितका जास्त, तितके बर्फाचे कण बारीक आणि नुकसान कमी.

आता कल्पना करा, शून्यावर ठेवायच्या द्राक्षाच्या कागदावर कोणी 'फ्रोझन' लिहिलं आणि पुढच्या माणसाने त्यावर विश्वास ठेवून कंटेनर उणे १८ वर लावला. वर्षभराचा बाग एका शब्दात गेला.

डच पाकिटांवर दिसणारे शब्द:
- खकूल्त बवारन: फ्रीजमध्ये, थंड जागी ठेवा.
- दीपव्रीस: गोठवलेलं, फ्रीझरमध्येच ठेवा.
- ओंतदोयन: गोठलेलं पदार्थ वितळवणे, डिफ्रॉस्ट करणे.
- नीत ओपन्यू इनव्रीझन: पुन्हा गोठवू नका.

३. तूप, तेल आणि रक्त

मराठी: थिजणे. डच: स्तोलन.

थंडीत तूप आणि खोबरेल तेल घट्ट होतं. त्याला आपण 'गोठलं' कमी आणि 'थिजलं' जास्त म्हणतो. बाटली उन्हात ठेवायची ती 'तेल थिजलंय' म्हणूनच. रक्तासाठी आपण 'साकळणे' वापरतो किंवा 'गोठणे'. डच लोकांनीही इथे वेगळा शब्द ठेवला आहे. चरबी आणि रक्त घट्ट होणं म्हणजे 'स्तोलन'. इथे बव्रीझन वापरलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही रक्ताची पिशवी फ्रीझरमध्ये टाकली.

४. माणसाला थंडी वाजणे

मराठी: गारठणे, काकडणे, कुडकुडणे. डच: इक हेप हेत काउत.

इंग्रजीत मुलं सर्रास 'आय ॲम फ्रीझिंग' म्हणतात. आपल्याकडे कोणी 'मी गोठतोय' म्हणत नाही, 'लय गारठलोय राव' म्हणतात. डच वाक्य शब्दशः 'मला ते थंड आहे' असं आहे, अगदी आपल्या 'मला थंडी वाजते'च्या जवळचं. जास्तच थंडी असेल तर 'काउत'च्या जागी 'ऐसकाउत', म्हणजे बर्फासारखं गार. आणि सर्दी झाली असेल तर शब्द पूर्ण बदलतो: 'इक बेन व्हरकाउदन', मला पडसं झालंय.

५. भीतीने जागच्या जागी थबकणे

मराठी: थिजणे, गोठून जाणे, हातपाय गळणे. डच: व्हरस्तैव्हन, म्हणजे ताठ होणे.

संकट आलं की शरीर तीनपैकी एक करतं: लढतं, पळतं किंवा थिजतं. इंग्रजीत तिसऱ्याला फ्रीझ म्हणतात. हे फक्त साप दिसल्यावर होत नाही. 'मी पोलीस बोलतोय, तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, कॉल कट करू नका' असा व्हिडिओ कॉल आला की चांगला शिकलेला माणूसही थिजतो. 'डिजिटल अटक' नावाची फसवणूक याच थिजण्यावर चालते. लक्षात ठेवा, भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक असा प्रकारच नाही. फोन ठेवा, शेजारच्या माणसाशी बोला.

६. मोबाइल फ्रीझ होणे

मराठी: हँग होणे, अडकणे. डच: वास्तलोपन, झालेला फोन 'वास्तखलोपन'.

स्क्रीनवर चित्र दिसतं पण बोट लावलं तरी काही हलत नाही, याला इंग्रजीत स्क्रीन फ्रीझ म्हणतात. मराठीत 'फोन गोठला' म्हटलं तर लोक हसतील. आपण 'हँग झाला' म्हणतो. डच शब्दाचा शब्दशः अर्थ 'चालता चालता अडकणे' असा आहे, म्हणजे चिखलात गाडी रुतावी तसं.

फोन अडकला तर काय करायचं?
- ॲन्ड्रॉइड: अनेक फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र, फोन पुन्हा सुरू होईपर्यंत साधारण दहा सेकंद दाबून धरा.
- आयफोन (८ आणि त्यापुढचे): आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंदाचं चिन्ह येईपर्यंत धरा.

असं केल्याने फोटो किंवा मेसेज पुसले जात नाहीत. वारंवार होत असेल तर स्टोरेज भरलंय का ते बघा.

याच कुळातला आणखी एक: एक्सेलमधलं 'फ्रीझ पेन्स'. वरची ओळ जागेवर ठेवून खालची यादी सरकवायची सोय. डच एक्सेलमध्ये तिथे 'ब्लोकेरन' असं लिहिलेलं असतं. बव्रीझन शोधत बसाल तर सापडणार नाही.

७. बँक खातं फ्रीझ होणे

मराठी: खातं गोठवणे. डच: रोजच्या बोलण्यात 'खब्लोकेर्त', सरकारी कारवाईत 'बव्रोरन'.

तरुणांसाठी सगळ्यात महाग पडणारा अर्थ हाच. गोठवणे म्हणजे इथे बर्फ नाही, 'आहे त्या स्थितीत थांबवणे'. हा वापर आपल्याला नवा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेचं धनुष्यबाण चिन्ह तात्पुरतं गोठवलं, तेव्हा हा शब्द घराघरात गेला. कोरोनाच्या काळात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले होते. नेदरलँड्समध्ये २०२१ साली सामाजिक घरांची भाडी गोठवली, तेव्हा तिकडचा शब्द होता 'हूरबव्रीझिंग'. हूर म्हणजे भाडं. म्हणजे या अर्थाने मराठी आणि डच दोन्ही भाषांनी बर्फाचाच शब्द घेतला.

खातं गोठण्याचे प्रकार:
- डेबिट फ्रीझ: पैसे जमा होतात, पण बाहेर जात नाहीत.
- पूर्ण फ्रीझ: जमाही नाही, खर्चही नाही.
- लीन: खातं चालू, पण ठरावीक रक्कम अडवून ठेवलेली.

कारण केवायसी असू शकतं. पण अनेकदा कारण वेगळं असतं: सायबर फसवणुकीतले पैसे फिरत फिरत तुमच्या खात्यात आलेले असतात. तक्रार आली की पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खातं थांबवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ चा यासाठी आधार घेतला जातो. कॉलेजच्या मुलांना 'तुझं खातं वापरायला दे, कमिशन देतो' असं सांगणारे भेटतात. हो म्हणू नका. खातं गोठतंच, वर गुन्ह्यात नावही येऊ शकतं.

खरंच खातं गोठलं तर शाखेत जा. कारण लेखी मागा, सायबर तक्रारीचा क्रमांक आणि कोणत्या पोलीस ठाण्याची सूचना आहे ते विचारा, मग पैसे कशाचे आले याचे पुरावे घेऊन त्या ठाण्याशी संपर्क करा. आणि स्वतःची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्याच्या खात्यात पैसे गोठण्याची शक्यता जास्त. म्हणजे तेव्हा हेच फ्रीझ तुमच्या कामाचं.

पण 'आज रात्री तुमचं खातं फ्रीझ होईल, लिंकवर क्लिक करा' असा मेसेज आला तर तो पाचव्या अर्थाचा खेळ आहे. खातं गोठवायची भीती दाखवून तुम्हाला थिजवायचं, आणि तेवढ्यात ओटीपी काढून घ्यायचा.

भाषांतर ॲप इथे का चुकतं?

अनेक भाषांतर यंत्रणांमध्ये मराठीतून डचमध्ये जाताना मध्ये इंग्रजीचा थांबा असतो. मराठीत आपल्याकडे थिजणे, गोठणे, गारठणे, हँग होणे असे वेगवेगळे शब्द. डचमध्येही स्तोलन, बव्रीझन, वास्तलोपन असे वेगवेगळे. पण मधल्या थांब्यावर ते एकाच 'फ्रीझ'च्या पोत्यात जाऊ शकतात. पलीकडे पोतं उघडल्यावर कोणता शब्द बाहेर काढायचा हे यंत्राला अंदाजाने ठरवावं लागतं.

उपाय सोपे आहेत:
- एकटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका. 'फ्रीझ' ऐवजी 'फोन हँग झाला आणि स्क्रीन हलत नाही'.
- आलेलं डच वाक्य उलट मराठीत करून बघा. अर्थ बदलला तर वाक्य बदला.
- मालाबाबत शब्दासोबत आकडा द्या: 'तापमान शून्य अंश'. आकड्याचं भाषांतर चुकण्याची शक्यता कमी असते.
- पैशाचा किंवा मालाचा व्यवहार असेल तर पाठवण्याआधी भाषा येणाऱ्या एका माणसाला दाखवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फ्रीझ आणि चिल यात फरक काय? चिल म्हणजे थंड करणे, फ्रीझ म्हणजे गोठवणे. डचमध्ये अनुक्रमे कूलन आणि बव्रीझन.

पोलीस 'फ्रीझ!' म्हणतात तेव्हा? 'हलू नको.' डचमध्ये 'स्ता स्तिल', म्हणजे स्थिर उभा राहा.

फ्रीझर बिघडला हे डचमध्ये कसं सांगू? 'द व्रीझर इस कापोत.' कापोत म्हणजे बिघडलेलं.

'खकूल्त' आणि 'बव्रोरन'चं स्पेलिंग? पहिलं: जी-ई-के-ओ-ई-एल-डी. दुसरं: बी-ई-व्ही-आर-ओ-आर-ई-एन. द्राक्षाच्या कागदावर पहिलं हवं.

माझ्या मित्राने आता मोबाइलमध्ये एक तयार मेसेज सेव्ह करून ठेवला आहे: द्राक्षं खकूल्त, शून्य अंश. दरवेळी बोलून भाषांतर करायची भानगडच नाही. तुमच्या कामात असा एखादा शब्द नेहमी लागत असेल, तर तुम्हीही एकदा तपासून तो असाच सेव्ह करून ठेवा.